फळबागेत करिअर करायचंय? मग झाडाच्या वेळापत्रकानं शिका

बारावीचा निकाल लागला की आमच्या नर्सरीत कलमं न्यायला येणाऱ्यांबरोबर मुलांना घेऊन येणारेही वाढतात. "हेका हॉर्टिकल्चराक घालूचा म्हणतंय, तुमका काय वाटता ताई?" विचारतो बाप. ज्याला घालायचं तो मागे उभा राहून मोबाइल बघत असतो. कुडाळ तालुक्यात माझी नर्सरी आहे. शिक्षण दापोलीचं, पण हात वेंगुर्ल्याकडच्या कलम बांधणाऱ्यांनी घडवलेला. त्यामुळे उत्तर द्यायला मी बरी सापडते. प्रत्येकाला उभ्या उभ्या तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकते.

फळबागेचं शिक्षण सेमिस्टरनं चालत नाही, झाडाच्या हंगामानं चालतं. कॉलेजचं वेळापत्रक आणि झाडाचं वेळापत्रक यांचं कोकणात अजिबात जमत नाही. आंबा उतरतो तेव्हा तुम्ही परीक्षेच्या अभ्यासात, नाहीतर सुट्टीत मुंबईला मामाकडे. कलमं बांधायचा भर पावसाळा असतो तेव्हा तुम्ही प्रवेशफेऱ्यांची यादी रिफ्रेश करत बसलेले. चार वर्षं अशी गेली की हातात पदवी येते, पण कलमाला जोडायची काडी कुठल्या फांदीची घ्यायची ते कळत नाही. म्हणून कुठला कोर्स, कुठलं कॉलेज याआधी कुठल्या महिन्यात कुठे उभं राहायचं ते ठरवा.

प्रवेशाची वाट बघता बघता

सीईटी झाली, निकाल लागला, आता फेऱ्या कधी सुरू होतात ते बघत जून-जुलै घरी बसायचं, हा बहुतेकांचा अनुभव. हे दोन महिने फुकट घालवू नका. आंब्याच्या कोय कलमांचे, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर हव्या त्या जातीची काडी बांधायचे, नेमके हेच दिवस. जवळच्या परवानाधारक नर्सरीत जाऊन सांगा, पगार नको, काम शिकवा. कोणी हाकलून देणार नाही, कारण पावसाळ्यात आम्हाला हात कमीच पडतात.

सुरुवातीला पिशव्या भराव्या लागतील. माती, वाळू, शेणखत कालवायचं, पिशवीला खालून भोकं आहेत ना ते बघायचं, काठापर्यंत भरायची म्हणजे पाऊस पडून माती बसल्यावर पिशवी अर्धी होत नाही. हे काम कंटाळवाणं आहे. पण भोक नसलेल्या पिशवीत पाणी साचून कलम कसं कुजतं ते एकदा बघितलंत की निचरा हा शब्द पुस्तकात परत शोधावा लागत नाही.

मग बाठे, म्हणजे कोयी. रायवळ, म्हणजे गावठी आंब्याचे बाठे जूनमध्ये गोळा करतात. रस काढून उरलेले, वाळलेले, उकिरड्यावरचे, सगळे चालत नाहीत. ताजे, टपोरे, धुतलेले हवेत, आणि लवकर पेरायला हवेत. आंब्याच्या बाठ्याची रुजायची ताकद काही आठवड्यांतच घसरते. गादीवाफ्यावर ओळीनं लावले की रुजून वर येतात ते तांबूस, लुसलुशीत कोंब. पानं तांबडी आहेत, देठ मऊ आहे, वय दहा-पंधरा दिवसांचं आहे, तेव्हाच कलम बांधायचं. पानं हिरवी होऊन खोड टणक झालं की कोय कलमाची वेळ गेली. या वयाच्या रोपाला अजून बाठ्यातल्या साठ्यावर अन्न मिळत असतं, म्हणून तर डोकं छाटलं तरी ते जगतं.

काडीचं काम त्याआधी सुरू झालेलं असतं. मातृवृक्षावरची, म्हणजे ज्याची जात हवी त्या झाडावरची, तीन-चार महिन्यांची, शेंड्याकडची फांदी निवडायची आणि आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून कापायची. त्या दिवसांत शेंड्याचा डोळा फुगतो, देठ आपोआप गळून पडतात. डोळा फुगलेला पण फुटलेला नाही, अशी काडी हवी. ही पूर्वतयारी टाळणारे नर्सरीवाले आहेत, त्यांची मर जास्त होते. गिऱ्हाइकाला हे दिसत नाही, कारण मेलेली कलमं विकायला ठेवत नाहीत.

आता बांधणी. रोप बाठ्यासकट अलगद उपटायचं. बाठा देठापासून सुटला की ते रोप बाद. बाठ्यापासून साधारण सहा-आठ सेंटिमीटरवर खुंट, म्हणजे ते रायवळचं रोप, आडवा छाटायचा, मधोमध चार सेंटिमीटरभर उभी चीर द्यायची. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीची पाचर करायची. पाचरीचा प्रत्येक काप एका ओढीत व्हायला हवा. दोनदा-तीनदा सुरी फिरवली की पृष्ठभाग खडबडीत होतो, मध्ये हवा राहते आणि सांधा काळा पडतो. आमच्याकडचे जुने कलम बांधणारे काका नव्या मुलाच्या मागे उभे राहतात आणि एवढंच म्हणतात, "झिला, सुरी दाबू नको, ओढ." खुंट आणि काडी एकाच जाडीची मिळाली तर उत्तम. काडी बारीक असेल तर ती चिरेच्या मधोमध बसवू नका, एका कडेला साल सालीला भिडवा. सालीच्या लगेच आतला थर जुळला तरच कलम जुळतं. मग प्लास्टिकची पट्टी खालून वर, ताणून, एकावर एक वेढा चढेल अशी, आणि वर पातळ पिशवीची टोपी. बाठ्यासकट पिशवीत लावून सावलीत ठेवायचं.

तीन आठवड्यांत फूट आली की आनंद होतो, पण ती फूट सांध्याच्या वर आहे की खाली ते बघा. खालची फूट रायवळची, ती वेळच्या वेळी खुडावी लागते. नाहीतर पाच-सहा वर्षांनी एखादा शेतकरी फोन करतो, हापूस म्हणून दिलेलं झाड बिटक्या, म्हणजे छोटे गावठी आंबे, देतंय म्हणून. आणि पट्टी महिन्या-दोन महिन्यांनी कापायची विसरलात तर ती खोडात रुतून सांध्यावर गळफास बसतो.

एका पावसाळ्यात तुम्ही कलाकार होणार नाही. पण हे काम आपल्याला आवडतं की नाही, एवढं नक्की कळेल. चार तास उकिडवं बसून डासांत आणि चिखलात सुरी चालवायला ज्याला मजा येते त्यानं उद्यानविद्येला, म्हणजे हॉर्टिकल्चरला, खुशाल जावं.

इथे मुलींच्या आईवडिलांसाठी एक. आमच्या भागात पिशव्या बायका भरतात आणि कलम पुरुष बांधतात. पिशवी भरणाऱ्याला रोजंदारी मिळते, बांधणाऱ्याला कलमामागे पैसे, आणि दोन्हींत बराच फरक पडतो. पण सुरीला बाई-पुरुष कळत नाही. माझ्याकडे सगळ्यात कमी मर असलेली कलमं एका वहिनींची असतात. मुलीला कोर्सला पाठवताना "पुढे ऑफिसात बसेल" एवढ्यासाठी पाठवू नका. तिला कलम बांधायला शिकू द्या.

कागदाचं काय ते

हे मी थोडक्यात उरकते, कारण नियम बदलतात आणि दरवर्षीचं माहितीपत्रक बघणं याला पर्याय नाही.

दहावीनंतर कृषी पदविका आहे, मराठीतून. ज्याला घरची बाग सांभाळायची आहे किंवा लवकर कामाला लागायचं आहे त्याच्यासाठी बरी. बारावी विज्ञान झालं असेल तर बी.एस्सी. (ऑनर्स) उद्यानविद्या, चार वर्षं, आठ सेमिस्टर. त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. कोकणात डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं उद्यानविद्या महाविद्यालय दापोलीला आहे आणि दुसरं आमच्या कुडाळ तालुक्यात मुळद्याला. विद्यापीठ 1972 चं. सातबारा, शेतकरी असल्याचा दाखला, जातीचे कागद मेच्या आत तयार ठेवा. सातबाऱ्याचं वेटेज मिळत आलं आहे आणि तलाठ्याकडे जूनमध्ये रांग असते.

उद्यानविद्या की सरळ कृषी, हा प्रश्न हमखास येतो. पुढे नक्की काय करायचं ते ठरलेलं नसेल तर कृषी घ्या, त्याला दारं जास्त. फळं, फुलं, भाजी, मसाले आणि बागबगीचा यांतच राहायचं असेल तर उद्यानविद्या. कृषी अधिकाऱ्याची एमपीएससी किंवा बँकेच्या शेती अधिकाऱ्याची आयबीपीएसची परीक्षा उद्यानविद्येच्या पदवीवरही देता येते, त्यामुळे "नोकरीची वाट बंद होईल" ही भीती नको.

पदवी किंवा पदविका नकोच असेल तर कृषी विज्ञान केंद्रं आहेत. सिंधुदुर्गात किर्लोसला, रायगडात रोह्याजवळ किल्ल्याला. तिथे कलमं बांधणं, फळप्रक्रिया, मधमाश्या अशा विषयांवर छोटी प्रशिक्षणं होतात. नारळ विकास मंडळानं माडावर यंत्रानं चढायचं प्रशिक्षण सुरू केलं, त्याविषयी पुढे सांगते.

कॉलेजची चार वर्षं, महिन्यांच्या हिशोबानं

जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य: आंब्याला पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे ज्याला सगळे बागायतदार कल्टार म्हणतात ते घालायचे दिवस. याच्या जोरावर हापूस दरवर्षी मोहोरतो आणि याच्याच जोरावर बागा खंगतातही. विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला मीटरमागे 3 मिली. आता एक सोपा सराव. कॉलेजजवळच्या कुठल्याही बागेत टेप घेऊन जा. झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम मोजा, उत्तर-दक्षिण मोजा. समजा 8 मीटर आणि 6 मीटर आले. सरासरी 7, म्हणजे 21 मिली. ते पाण्यात मिसळायचं आणि खोड व विस्ताराची कड यांच्या मधोमध गोल फेरीत पहारीनं छिद्रं पाडून सगळीकडे सारखं ओतायचं. आधी तण काढलेलं हवं, माती ओली हवी, आणि झाड दहा वर्षांच्या वरचं, सशक्त हवं. खतं नीट दिलेली हवीत. बहुतेक बागांत सगळ्या झाडांना एकच माप मारतात, लहान-मोठं बघत नाहीत. टेप घेऊन फिरणारा मुलगा पाहिला की बागायतदार आधी हसतात आणि मग औषधाचं बिल कमी आलं की त्याला पुढच्या वर्षी फोन करतात. उन्हाळी कामाच्या ओळखी अशाच होतात.

पावसाआधी आणि पावसात, सुपारीच्या बागायतीत जा. सावंतवाडी, श्रीवर्धन, जिथे जमेल तिथे. कोळेरोगासाठी, म्हणजे पावसात सुपारीची फळं कुजतात त्यासाठी, बोर्डो हे बुरशीनाशक फवारतात. एक टक्का बोर्डो म्हणजे 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 100 लिटर पाणी, हे पुस्तकातही आहे. पण प्लास्टिकच्या पिंपात बनवायचं, मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं आणि ढवळत राहायचं, हे हातानं करून बघा. झालं की स्वच्छ लोखंडी सुरी त्यात थोडा वेळ बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. नाहीतर पानं भाजतील. आणि त्याच दिवशी वापरा, उद्यावर ठेवू नका.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात फार काही दिसत नाही, पण झाड बघायला याच दिवसांत शिकता येतं. पालवी येतेय का, तिचा रंग पोपटी की तांबूस, काडी पिकलीय का. ज्याला पालवी आणि मोहोर यांतला फरक बोंगे, म्हणजे शेंड्याचे डोळे, फुटतानाच कळतो त्याची फवारणी वाया जात नाही. डिसेंबर-जानेवारीत मोहोरावरच्या किडी आणि रोग: तुडतुडे, भुरी, करपा, आणि अलीकडे फुलकिडे. सकाळी मोहोराखाली पांढरा कागद धरून फांदी हलवा, काय पडतं ते मोजा आणि लिहून ठेवा. औषधविक्रेत्याच्या सल्ल्यानं फवारणाऱ्या बागायतदाराला या मोजणीचे चार कागद दाखवलेत तर तुमचं ऐकेल.

फवारणीचा हिशोब तोंडपाठ हवा. दहा लिटर पाण्याला 3 मिली औषध असेल तर सोळा लिटरच्या पंपाला 4.8 आणि दोनशे लिटरच्या पिंपाला 60. माझ्याकडे नोकरीला येणाऱ्याला मी हाच पहिला प्रश्न विचारते, तोंडी. पदवीधर अडखळतात. आमच्या बागांत राखणीला आणि फवारणीला नेपाळी माणसं असतात, त्यांतले कित्येक हे झटक्यात सांगतात. त्यांच्याशी दोस्ती करा. पाच-दहा हंगाम एकेका बागेत काढलेली ती माणसं आहेत, कुठल्या झाडाला आधी मोहोर येतो ते त्यांना ठाऊक असतं. आणि मास्क, हातमोजे घालायचेच. उकडतं म्हणून काढून ठेवणाऱ्याला मी फवारणीवर पाठवत नाही.

मार्च ते मे, सुट्टी असो नसो, आंब्यावर. फळ चौदा आणे, म्हणजे सोळातले चौदा हिस्से तयार, झालं की उतरायचं, हे कोकणात कुणीही सांगेल. चौदा आणे दिसतं कसं? देठाजवळ खांदे भरून वर आलेले, देठाशी छोटा खळगा, सालीचा रंग गर्द हिरव्यावरून फिकट. शंका असेल तर पाण्यात टाका, तयार फळ बुडतं. उतरायचं ते नूतन झेल्यानं, म्हणजे काठीला जाळी आणि पातं लावलेल्या अवजारानं, जो विद्यापीठानंच विकसित केला, आणि थोडा देठ ठेवून. देठ मुळातून तुटला तर चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि देठाकडून फळ कुजतं. ऊन चढायच्या आत उतरायचं, सावलीत ठेवायचं, जमिनीवर नाही. तापलेल्या कातळावर ठेवलेल्या हापुसात साका, म्हणजे बाहेरून न दिसणारा गरातला पांढरट खराब भाग, वाढतो.

तिथून पुढे पॅकहाऊसला, म्हणजे निर्यातीचा आंबा निवडून पेट्यांत भरतात तिथे, जा. युरोपला जायच्या आंब्याला 48 अंशांच्या गरम पाण्यात एक तास ठेवतात, फळमाशीच्या बंदोबस्तासाठी. अमेरिकेला 2007 पासून विकिरण करून जातो. जपानला बाष्प उष्णतेची प्रक्रिया. हे सगळं निर्यात सुविधा केंद्रांत चालतं, आणि तिथे हंगामी माणसं लागतात. प्रतवारी करणारा, नोंदी ठेवणारा, इंग्रजीत ईमेल लिहू शकणारा. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून नोंदणीची, बाग ते पेटी माग ठेवण्याची कामंही आली आहेत. ज्याला चिखल नको पण क्षेत्र सोडायचं नाही त्यानं या बाजूला बघावं.

आंब्याच्या पलीकडे बघा

कोकणात हॉर्टिकल्चर म्हटलं की सगळे हापूसच बघतात, आणि त्यातच गर्दी आहे. माझ्या मते पुढची पंधरा वर्षं कमाई बाजूच्या झाडांवर आहे.

काजू घ्या. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रानं काढलेल्या वेंगुर्ला 4 आणि वेंगुर्ला 7 या जातींवर अर्धं सिंधुदुर्ग उभं आहे. वेंगुर्ला 7 ची बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते. काजूचं कलम मृदकाष्ठ पद्धतीनं, म्हणजे रोपाच्या कोवळ्या खोडावर, बांधतात, आणि त्याची काडी ओळखणं आंब्यापेक्षा वेगळं आहे. आंब्यातही रत्ना, सिंधू या विद्यापीठाच्या जाती शिका. रत्ना ही नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 मध्ये आली, तिच्यात साका होत नाही. हापुसाशिवाय काही न विचारणारं गिऱ्हाईक असतं, पण विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

कोकम आणि जायफळ ही माझी आवडती. दोन्हींत नर झाड वेगळं, मादी वेगळं. रोपं लावलीत तर सात-आठ वर्षं खतपाणी घालून निम्मी नर निघतात आणि तेव्हा काही करता येत नाही. म्हणून कलमच हवं, मादी झाडाच्या काडीचं. पण मादी झाडाची कुठलीही काडी चालत नाही. सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची काडी घ्यायला लागते. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम जगतं, दिसायला झकास दिसतं, आणि आयुष्यभर आडवंच पसरतं. अशी आडवी पसरलेली जायफळाची कलमं एका शेतकऱ्याकडे बघितलीत मी, बाहेरून कुठूनतरी स्वस्तात आणलेली. विकणाऱ्याला भरपूर आडव्या काड्या मिळतात, सरळ काड्या एका झाडावर मोजक्याच असतात. स्वस्ताचं कारण ते.

नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, काळी मिरी लावायची जी पद्धत विद्यापीठानं लाखीबाग म्हणून पुढे आणली, ती शिकून घ्या. माड साडेसात मीटरवर लावलेले असतात, मधली जागा आणि सावली फुकट जाते. कुठल्या झाडाला किती सावली, पाणी कुठून, मिरीचा वेल माडावर चढवायचा की पांगाऱ्यावर, हे आखून देणाऱ्याला बागायतदार पैसे देतात. मुंबईकर चाकरमानी तर हमखास, ज्यांची गावची बाग ओस पडलीय.

आणि माडावर चढणं. याला करिअर म्हणताना लोक नाक मुरडतात. आमच्या गावात नारळ पाडायला माणूस मिळवायला आठवडा लागतो. यंत्रानं चढायला शिकलेला, चढल्यावर शेंडा साफ करून गेंड्या भुंगा आकड्यानं काढणारा, सोंड्या भुंग्याची खूण ओळखणारा तरुण असेल तर त्याला बोलवायला रांग लागते. पदवी घेतलेल्यानं हेही शिकावं, निदान एकदा वर जाऊन यावं. खालून माडाचा रोग कळत नाही.

नोकरी की स्वतःचं

1990 मध्ये राज्यानं रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली आणि कोकणातली डोंगर-कातळं कलमांनी भरली. ती झाडं आता तीस वर्षांच्या वर गेली. उंच, एकमेकांत घुसलेली, आत ऊन नाही, फवारा शेंड्याला पोचत नाही, झेला पुरत नाही. या बागांचं पुनरुज्जीवन करायचंय. करवतीनं ठराविक उंचीवर कापणं, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावणं, येणाऱ्या फुटव्यांतले नेमके ठेवून बाकीचे विरळणं, आणि भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागू न देणं. भिरूड हा कापलेल्या झाडाचा पहिला वैरी. दोन-तीन वर्षं उत्पन्न जातं, म्हणून बागायतदार घाबरतो. एकदम बाग न कापता ओळीआड, टप्प्याटप्प्यानं कसं करायचं याचा कागदावर आराखडा देणारा माणूस त्याला हवा असतो. चेनसॉ चालवणारे भरपूर आहेत, कापल्यानंतर तीन वर्षं लक्ष ठेवणारे नाहीत. मी आज शिकत असते तर हेच धरलं असतं.

नर्सरी काढायची असेल तर परवाना लागतो, 1969 च्या फळ रोपवाटिका कायद्याखाली, कृषी खात्याकडून. स्वतःचे मातृवृक्ष हवेत आणि कुठली काडी कुठल्या झाडाची याची नोंद हवी. पहिल्या वर्षी थोडीच कलमं करा, पण मातृवृक्ष आजच लावा, ते तयार व्हायला वेळ घेतात. कीटकनाशकांचं दुकान टाकायचं असेल तर शेतीचं ठराविक शिक्षण असल्याशिवाय परवाना मिळत नाही, तिथे पदवी उपयोगी. गोव्याच्या हॉटेलांची लॉन सांभाळणं, मुंबईतल्या बागा, हेही काम आहे आणि पगार वेळेवर मिळतो. मला त्यात रस नाही, पण ज्याला गावात राहायचं नाही त्यानं कमी लेखू नये.

ग्रामीण कार्यानुभवाचं सेमिस्टर शेवटच्या वर्षात येतं, तेव्हा गाव निवडायची संधी असेल तर बसस्टँडजवळचं घेऊ नका. जिथे आंबा, काजू, माड, सुपारी सगळं आहे असं घ्या. अहवालात फोटो चिकटवून मोकळे होणारे मी बघते. त्याच गावात एका शेतकऱ्याची दहा झाडं वर्षभर सांभाळा, दर पंधरा दिवसांनी त्याच झाडाचा त्याच बाजूनं फोटो काढा. मुलाखतीला तो अल्बम घेऊन आलेल्या मुलीला मी बाकी काही विचारलं नव्हतं.

येताना काय आणायचं

कलमाची सुरी स्वतःची. दुसऱ्याच्या सुरीला हात लावू नका, कोणी देतही नाही. धार लावायचा बारीक दगड, कारण दिवसात निदान चारदा लावावी लागते. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, साधा चालेल, पण स्प्रिंग बदलता येणारा घ्या. पाच मीटरचा टेप. दहापट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग, फुलकिडे आणि कोळी बघायला. वही रेनकोटच्या आतल्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पेन्सिल, पावसात पेन चालत नाही. जळवांसाठी तंबाखूचं पाणी लावणारे लावतात, मी मीठ ठेवते. सकाळी सातला या, आठनंतर आलेल्याला मी त्या दिवशी पिशव्याच भरायला देते.